पाळण्यापाशी कोण?

बाळ जन्मलं की पाचव्या दिवशी आपल्याकडे पाचवी पुजतात. पाटावर सटवाई मांडायची, दिवा रात्रभर तेवत ठेवायचा आणि घरातल्या बायकांनी जागायचं. त्या रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळावर त्याचं नशीब लिहून जाते, अशी समजूत. बारसं मात्र बाराव्या दिवशी. मी जवळजवळ तीस वर्षं परिचारिकांना शिकवण्याचं काम केलं. दरवर्षी नव्या वर्गापुढे मी या पाचवीपासूनच सुरुवात करत असे. जन्मल्यापासून महिनाभरात जी बाळं दगावतात, त्यांतली सुमारे तीन चतुर्थांश पहिल्या आठवड्यातच जातात, असं आज आकडेवारी सांगते. आपल्या आज्या-पणज्यांना हे आकडेवारीशिवाय ठाऊक होतं. म्हणून तर त्या जागत होत्या! पण जागून करायचं काय, बाळात नेमकं बघायचं काय, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

ब्रिटिश अमदानीत, १९३७ साली, हजार जन्मांमागे १६२ बाळं वर्षाच्या आत जात होती. १९४६ च्या भोर समितीच्या अहवालाने हा आकडा देशापुढे ठेवला. १९७१ साली तो १२९ होता आणि २०२० साली २८ वर आला. हा फरक कशाने पडला, असं कुणालाही विचारा. लस आली, सलाइन आलं, रस्ते झाले, दवाखाने झाले, मुली शिकल्या, अशी उत्तरं मिळतील. ती सगळी खरी आहेत. पण या उत्तरांच्या आड आणखी एक इतिहास आहे आणि तो फारसा सांगितला जात नाही. पाळण्यापाशी कोण उभं आहे, त्या व्यक्तीला काय दिसतं आणि जे दिसलं त्यावर काही करण्याची मुभा तिला आहे की नाही, याचा तो इतिहास आहे. मी ज्या पेशात आयुष्य घालवलं, त्याचा गाभाच हा आहे.

सुरुवात करू न्यूयॉर्कच्या एका बाळंतपणाच्या खोलीपासून. डॉ. व्हर्जिनिया अपगार या भूलतज्ज्ञ होत्या. त्या काळी बाळ बाहेर आलं की डॉक्टरांचं सगळं लक्ष आईकडे असायचं. मलूल दिसणारं बाळ 'नाजूकच आहे' म्हणून बाजूला ठेवलं जाई. १९५२ साली अपगारबाईंनी एक अगदी साधी पद्धत मांडली. पाच गोष्टी बघायच्या. बाळाचा रंग, हृदयाचे ठोके, श्वास, हातापायांतली ताकद आणि नाकाला नळी लागली की ते तोंड वेंगाडतं का. प्रत्येकीला शून्य, एक किंवा दोन गुण. जन्मल्यावर एका मिनिटाने बघायचं आणि पुढे पाच मिनिटांनी पुन्हा. यंत्र लागत नाही, रक्त तपासावं लागत नाही. शिकलेली नर्स हे सहज करू शकते. एकदा कागदावर 'तीन गुण' असं लिहिलं गेलं, की त्या बाळाला बाजूला ठेवून देणं कुणालाच शक्य होत नाही. काहीतरी करावंच लागतं. मोजण्याचा हा मोठा गुण आहे. त्यामुळे दुर्लक्ष करणं अवघड होतं.

पण ही झाली इस्पितळातली गोष्ट. जगातली बहुतेक बाळं तेव्हा घरात जन्मत होती. त्यांच्याकडे कोण बघणार?

याच दशकात आफ्रिकेतल्या नायजेरियात, इलेशा नावाच्या गावच्या मिशनरी इस्पितळात डॉ. डेव्हिड मोर्ले हे इंग्रज बालरोगतज्ज्ञ काम करत होते. जवळच्या इमेसी या खेड्यात त्यांनी पाच वर्षांखालच्या मुलांसाठी दवाखाना सुरू केला आणि तो नर्सच्या हाती दिला. मुलांचं वजन करायचं, किरकोळ आजारावर तिथंच औषध द्यायचं, लस टोचायची, आईशी बोलायचं. मोर्लेसाहेबांनी वजनाचा एक तक्ता केला. त्याचं नाव 'आरोग्याचा रस्ता'. कार्डावर दोन वाकड्या रेषा छापलेल्या. त्यांच्यामधून मुलाच्या वजनाची रेष वर चढत गेली की मूल रस्त्यावर आहे. रेष सपाट झाली की समजावं, काहीतरी बिघडतंय. मूल अजून हसतखेळत असतं, आईला काही कळलेलं नसतं, पण कार्ड बोलायला लागतं.

मोर्लेंनी आणखी एक गोष्ट केली. ते कार्ड दवाखान्याच्या कपाटात न ठेवता प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आईच्या हाती दिलं. 'बायका हरवतील, फाडतील,' असं म्हणणारे तेव्हा होतेच. पण कपाटातल्या कागदांपेक्षा आयांनी कार्डं नीट सांभाळली. आपल्याकडे २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि वजनाचा तक्ता अंगणवाडीच्या भिंतीपर्यंत पोचला. आईच्या हातातलं माता-बाल संरक्षण कार्ड त्यामानाने बऱ्याच उशिरा आलं.

आता अमेरिकेत जाऊ. श्रीमंत देश, पण कोलोरॅडो राज्यातल्या डोंगराळ भागात मुलांचे डॉक्टर मिळत नव्हते. तिथे लोरेटा फोर्ड नावाच्या सार्वजनिक आरोग्य परिचारिका होत्या. गावोगाव फिरून बाळं बघण्याचा त्यांना दांडगा अनुभव. त्यांना दिसत होतं, की निरोगी बाळाची वाढ तपासणं, लसी देणं, साधं कानाचं-घशाचं दुखणं ओळखणं, पहिलटकरणीला धीर देणं, ही कामं नर्स करतेच आहे. फक्त ती करायची तिला रीतसर परवानगी नाही आणि त्यासाठी लागणारं पुरेसं शिक्षणही नाही. १९६५ साली फोर्डबाई आणि डॉ. हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञांनी मिळून कोलोरॅडो विद्यापीठात एक अभ्यासक्रम सुरू केला. त्यातून 'नर्स प्रॅक्टिशनर' हा नवा पेशा जन्माला आला. स्वतः तपासणारी, स्वतः निर्णय घेणारी आणि आपल्या आवाक्याबाहेरचं काय आहे, हे ओळखून डॉक्टरांकडे पाठवणारी नर्स.

विरोध झाला. डॉक्टरांकडून झाला हे समजण्यासारखं आहे, पण नर्सिंग शिकवणाऱ्यांकडूनही झाला. 'तुम्ही नर्सला छोटा डॉक्टर बनवताय,' असा आक्षेप होता. फोर्डबाईंचं म्हणणं वेगळं होतं. हे नर्सिंगच आहे, फक्त त्याचा पूर्ण पल्ला आम्ही वापरतो आहोत, असं त्या मानत. २०२५ साली वयाच्या १०४ व्या वर्षी त्या गेल्या, तेव्हा एकट्या अमेरिकेत लाखो नर्स प्रॅक्टिशनर काम करत होत्या.

फोर्डबाई अमेरिकेत झगडत होत्या, त्याच सुमाराला आपल्या नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरमध्ये, एक वेगळा प्रयोग उभा राहत होता. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली जामखेडला काम सुरू केलं. दुष्काळी मुलूख. शिकलेल्या नर्सना खेड्यात ठेवावं, असा त्यांचा आधी विचार होता. पण परगावच्या एकट्या मुलीला खेड्यात राहणं अवघड जाई आणि गावालाही ती परकी वाटे. मग गावातल्याच बायका निवडायचं ठरलं. अनेकींना अक्षरओळख नव्हती. बऱ्याचजणी दलित समाजातल्या होत्या, काही परित्यक्ता होत्या. त्या मुलांचं वजन करायला शिकल्या. जुलाब झालेल्या बाळाला मीठ-साखरेचं पाणी कसं पाजायचं, बाळंतपणात हात आणि ब्लेड स्वच्छ कसं ठेवायचं, हे शिकल्या आणि मग त्यांनी गावाला शिकवलं. आरोळे दांपत्याला १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. जामखेडने दाखवून दिलं, की बाळाजवळ पोचायला पदवी लागत नाही. लागतं ते शिक्षण, पाठीशी उभं राहणारं इस्पितळ आणि 'ही आपली आहे' असं म्हणणारं गाव.

सरकारी यंत्रणेत मात्र आमच्या एएनएम सिस्टर वेगळ्याच पेचात होत्या. तीन ते पाच हजार वस्तीमागे एक उपकेंद्र, त्यात एक सिस्टर. तिने बघायचं, नोंदवायचं आणि पुढे पाठवायचं. ऐंशीच्या दशकातला एक प्रसंग सांगते. डोंगराळ तालुका, पावसाळा, ओढ्याला पाणी आलेलं. दोन महिन्यांच्या आतलं बाळ, पोट उडत होतं, अंगावर पीत नव्हतं. सिस्टरने मनगटावरचं घड्याळ लावून श्वास मोजले. मिनिटाला सत्तरच्या वर! तालुक्याला न्यायचं म्हणजे ओढा ओलांडायचा. तिच्याकडे औषध होतं. तिने मात्रा दिली आणि रात्रभर त्या घरात बसून राहिली. सकाळी ओढा उतरल्यावर स्वतः बाळंतिणीबरोबर बैलगाडीतून गेली. बाळ वाचलं. पुढच्या महिन्यात सिस्टरला मेमो आला : अधिकारकक्षेबाहेर जाऊन औषधोपचार केल्याबद्दल खुलासा करावा. तो मेमो मी वाचला आहे. खालची सही ज्यांची होती ते गृहस्थ दुष्ट नव्हते, नियमाप्रमाणे वागत होते. पुढे कित्येक वर्षं माझ्या वर्गात कुणी 'बाई, आम्ही काय करायचं?' असं विचारलं, की मला तो मेमो आठवायचा. खरी अडचण औषधाची नव्हतीच.

ही अडचण गडचिरोलीत फार नेमकेपणाने हाताळली गेली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने आधी न्यूमोनियाचा प्रश्न हाती घेतला. बाळाला न्यूमोनिया आहे का, हे श्वासांच्या वेगावरून कळतं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त, त्यापुढे वर्षापर्यंत पन्नास किंवा जास्त, तर धोका. पण ज्या सुईणीला साठापर्यंत मोजता येत नाही, तिने काय करायचं? त्यासाठी मण्यांची पाटी तयार झाली. शेजारी एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत हात पोचला, तर न्यूमोनिया समजायचा. लहान बाळासाठी मण्यांची एक रांग, मोठ्यासाठी दुसरी. झालं! इतक्या साध्या साधनाने निरक्षर सुईणी न्यूमोनिया ओळखू लागल्या, औषध देऊ लागल्या. या कामाचे निष्कर्ष १९९० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले.

त्यानंतरची पायरी अधिक अवघड होती. न्यूमोनिया, जुलाब यांवर इलाज झाला तरी जन्मल्यापासून महिन्याच्या आत जाणारी बाळं जातच होती. त्यांना इस्पितळात न्यावं असं पुस्तक सांगत होतं. पण सव्वा महिना बाळंतिणीने घराबाहेर पडायचं नाही हा रिवाज, इस्पितळ लांब आणि खिसा रिकामा. मग इस्पितळातली काळजीच घरात नेता येईल का? ३९ गावांत पाचवी ते दहावीपर्यंत शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं गेलं. बाळंतपणाला हजर राहायचं, न रडणाऱ्या बाळाला श्वास द्यायचा, वजन करायचं, बाळ उबदार ठेवायचं, आईला अंगावर पाजायला मदत करायची आणि महिनाभर पुन्हा पुन्हा घरी जायचं. बाळ दूध ओढेनासं झालं, रडणं क्षीण झालं, अंग गार किंवा तापलेलं लागलं, अशी ठरावीक लक्षणं एकत्र दिसली की जंतुसंसर्ग झाला असं मानायचं. आधी इस्पितळात न्यायला सांगायचं. घरच्यांनी नाहीच म्हटलं, तर त्यांच्या संमतीने जेंटामायसिनचं इंजेक्शन आणि सोबत तोंडाने द्यायचं औषध सुरू करायचं.

खेड्यातली बाई, तान्ह्या बाळाला इंजेक्शन! वैद्यकीय जगात खळबळ उडाली नसती तरच नवल. पण आकडे बोलले. सुरुवातीला या गावांत हजारी ६२ नवजात बाळं दगावत होती. उपचार सुरू झाल्यावर तिसऱ्या वर्षी, १९९७-९८ मध्ये, ते प्रमाण सुमारे २५ वर आलं. तुलनेसाठी घेतलेल्या ४७ गावांत ते साठाच्या घरातच राहिलं. डिसेंबर १९९९ मध्ये हे निष्कर्ष 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. मला त्या वर्षी वर्गात हा लेख वाचून दाखवताना जे वाटलं, ते आता शब्दांत सांगता येणार नाही. मुली विचारत होत्या, 'बाई, म्हणजे आम्हालापण जमेल?'

पुढचा प्रवास धीम्या गतीने झाला. न्यूमोनियाच्या गोळ्या उपकेंद्रातल्या सिस्टरच्या हाती अधिकृतपणे आल्या त्या नव्वदच्या दशकात. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं आणि गावोगाव 'आशा' नेमल्या गेल्या. २०११ साली केंद्र सरकारने घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याची योजना देशभर सुरू केली. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी अशा सहा भेटी. घरी झालं असेल तर पहिल्या दिवशीची धरून सात. मात्र इंजेक्शन आशाच्या हाती दिलं गेलं नाही. २०१४ साली, इस्पितळात नेणं शक्यच नसेल अशा वेळी, एएनएम सिस्टरला बाळाला जेंटामायसिन देण्याची मुभा मिळाली. म्हणजे मी पाहिलेल्या त्या मेमोला सरकारने दिलेलं उत्तर यायला सुमारे तीस वर्षं लागली. आणि २०१८ मध्ये आपल्या देशात सुईणविद्येतल्या नर्स प्रॅक्टिशनर घडवण्याचे नियम आले. फोर्डबाईंच्या अभ्यासक्रमाला तेव्हा त्रेपन्न वर्षं झाली होती.

बाळ वाचलं, इथे गोष्ट संपत नाही. ते नीट वाढतंय का, हेही कुणीतरी बघायला हवं. ज्या कोलोरॅडोत नर्स प्रॅक्टिशनरचा अभ्यासक्रम सुरू झाला, तिथेच १९६७ साली 'डेन्व्हर' चाचणी तयार झाली. बाळ मान कधी धरतं, कधी बसतं, वस्तू कशी पकडतं, ओळखीचं कधी हसतं, हे वयाप्रमाणे मांडलेला तो तक्ता. पण परदेशी बाळांची फूटपट्टी आपल्या बाळांना कशी लावायची? बडोद्याला प्रमिला फाटक यांनी भारतीय बाळांचा अभ्यास करून आपली मापं तयार केली. १९९१ साली केरळमधून दोन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी अवघ्या सतरा मुद्द्यांचा त्रिवेंद्रम तक्ता आला. अंगणवाडीच्या ताईलाही काही मिनिटांत वापरता येईल असा.

इथे मात्र घरातली माणसं आडवी येतात, प्रेमानेच येतात! बाळ आवाजाकडे वळत नाही असं सिस्टर म्हणाली, की आजी म्हणते, 'मामावर गेलाय, तोपण उशिराच बोलला.' मान अजून धरली नाही म्हटलं, तर 'होईल हळूहळू, गुटगुटीत आहे ना, म्हणून.' बहुतेक वेळा आजीचं खरंही ठरतं. पण ज्या एका बाळाला खरंच ऐकू येत नसतं, त्याचे भाषा शिकण्याचे पहिले मोलाचे महिने असे निघून जातात. दोन महिन्यांच्या सुमारास बाळ आईकडे बघून हसायला हवं, चारेक महिन्यांत मान धरायला हवी, आठ-नऊ महिन्यांत आधाराशिवाय बसायला हवं. यात थोडं मागेपुढे होतं. फार मागे राहिलं तर दाखवून घ्यायचं, एवढंच.

एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. नुसती मुभा देऊन भागत नाही. गडचिरोलीच्या आरोग्यदूतांच्या मागे शिकवणारे होते, चुका तपासणारे होते, पिशवीतलं औषध संपत नव्हतं. यातलं काहीच न देता जबाबदारी तेवढी दिली, तर तो अधिकार न राहता ओझं होतं. २०११ साली आशाला एका बाळाच्या सगळ्या भेटींचा मिळून अडीचशे रुपये मोबदला ठरला होता. त्यात ऊन, पाऊस, काट्याकुट्याचा रस्ता आणि रात्रीची हाक सगळं आलं. आमची सिस्टरही नोंदवह्या भरता भरता थकते. बाळाला दहा मिनिटं आणि त्याची माहिती भरायला अर्धा तास, असं होऊ लागलं तर तिच्या हातून बघणंच सुटेल. तिने जे पाहिलं त्यावर विश्वास ठेवायचा, की तिने जे भरलं फक्त त्यावर, हे आपण सगळ्यांनी ठरवायला हवं.

तुमच्या घरी, शेजारी, भाच्या-पुतण्याकडे नवं बाळ आलं असेल, तर एवढं करा. सिस्टर किंवा आशाताई दारात आली की 'चहा घेणार का' असं विचारायच्या आधी तिला हात धुवायला साबण आणि पाणी द्या. बाळ झोपलंय म्हणून तिला परत पाठवू नका. दुपट्यातून काढून, उबदार जागी, तिला ते नीट बघू द्या. वजनाचा आकडा तिला विचारून घ्या आणि कार्डावर लिहिलाय का ते पाहा. आणि ती 'आत्ता दवाखान्यात न्या' म्हणाली, तर घड्याळ, मुहूर्त, पाचवी, बारसं काही बघत बसू नका. चप्पल घाला आणि निघा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)